मास्तरीणबाई नापास होतात

"फोन गाडीत, तर तुम्ही रस्त्यात," हे ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांचं पहिलं वाक्य. नवा विद्यार्थी सीटवर टेकतो न टेकतो तोच ते हे ऐकवायचे, आणि नुसतं ऐकवून थांबायचे नाहीत. बँकेच्या एका मॅनेजरला त्यांनी खरोखरच भर चौकात उतरवून दिलं होतं. बिचारा टाय सावरत चालत ऑफिसला गेला. मास्तरांचा स्वतःचा फोनसुद्धा त्या वेळात ऑफिसबाईंच्या ड्रॉवरमध्ये कुलपात असायचा. बावीस वर्षं शिकाऊंच्या शेजारी बसून काढलेला माणूस तो. त्याच्यात आणि देवाघरच्या बोलावण्यात एक जादा क्लच आणि एक जादा ब्रेक, एवढंच काय ते अंतर.

"रस्ता बघायचं काम शिकाऊचं," मास्तर म्हणायचे, "पण तो बघत नाही. म्हणून मी रस्ता सोडून त्याचे डोळे बघतो. माणूस आधी डोळ्यांनी चुकतो, मग हातापायांनी."

आता लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते उगीच नाही. हेच मास्तर संध्याकाळी घरात शिरायचे ते एक बूट पायात, एक दारात आणि फोन नाकासमोर अशा अवतारात. सात ग्रुप होते त्यांचे. शाळासोबत्यांचा एक, ज्यात वर्गात कधी तोंड न उघडलेले लोक रोज पहाटे सुविचार टाकायचे. बाकी वेळ व्हिडिओ. कुठल्याशा देशातला कोणी माणूस तुंबलेली गटारं मोकळी करायचा, तो मास्तरांना भावासारखा झाला होता. त्या माणसाच्या कुत्र्याचा पाय मुरगळल्याचं मास्तरांना माहीत होतं. बायकोने चष्मा बदलल्याचं माहीत नव्हतं.

मास्तरांची बायको म्हणून आजूबाजूचे सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणायचे. शिकवण्याशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. त्या एका लॉन्ड्रीच्या काउंटरवर बसायच्या, आलेल्या कपड्यांना नंबर लावायच्या, खिसे तपासायच्या. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून घरात माणसं दोन आणि बोलणारं एक, असा हिशोब झाला होता. दिवसभरात लोकांच्या खिशांतून काय काय निघालं ते त्या उत्साहाने सांगायला लागायच्या आणि समोरून यायचं, "हं."

या "हं"चे चार प्रकार त्यांनी ओळखले होते. जेवणाचा हं, प्रश्नाचा हं, मुलीचा हं आणि भलताच कुठला व्हिडिओ संपत आल्याचा हं. अर्थ चारींचा एकच. एकदा त्यांनी परीक्षाच घेतली. भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "अहो, मी दुसरं लग्न करतेय."

"हं," मास्तर म्हणाले. "छत्री घेऊन जा."

त्या दिवशी मास्तरीणबाई आधी पोट धरून हसल्या आणि मग चिरलेल्या भाजीपुढे बसून थोडं रडल्या. कांदा नव्हता त्या भाजीत. आपण या घरात दिसेनाशा झालोय, हे त्यांना त्या दिवशी स्वच्छ कळलं. कळल्यावर गप्प बसणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या.

पुढच्या तीन दिवसांत त्यांनी नवऱ्याला तीनदा सांगितलं, "मला गाडी शिकायची आहे." तीन हं मिळाले. चौथ्या दिवशी त्या सरळ स्कूलच्या ऑफिसात गेल्या आणि फॉर्म भरला. ऑफिसबाईंनी फॉर्मवरचं आडनाव वाचलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "मास्तरांना माहीत आहे?"

"सांगितलंय मी."

"मग काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार," मास्तरीणबाई म्हणाल्या. "हं म्हणाले."

सोमवारी सकाळी साडेसातला मास्तर रजिस्टर बगलेत मारून गाडीपाशी आले. ड्रायव्हरच्या सीटवर बायको. मास्तर दार धरून उभेच राहिले.

"तू? इथे? घरी काही झालंय का?"

"घरी काही होत नाही, म्हणून तर आले. बसा आता, माझा वेळ जातोय."

मास्तर बसले. सवयीने त्यांच्या तोंडून वाक्य निघालंच, "फोन गाडीत, तर तुम्ही..." आणि ते खाकरले. मग खांदे सरळ करून त्यांनी सगळ्यांना विचारतात तसं विचारलं, "आरसा दिसतो का नीट, बाई?"

बाई! मास्तरीणबाईंना हसू आवरेना. पण गाडी सुरू झाली आणि हसू कुठल्या कुठे गेलं. कारण शेजारच्या सीटवरून एक माणूस त्यांच्याकडे बघत होता. ओझरतं बघणं नव्हे. डोळे, मान, मनगट, गुडघा, सगळं टक लावून. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात या माणसाने आपल्याकडे असं बघितलं ते फक्त एकदा, लग्न ठरायच्या आधी, आणि तेव्हाही मध्ये सासूबाई बसल्या होत्या.

"चष्मा नवा आहे का तुमचा?" पहिल्या वळणावर मास्तरांनी विचारलं.

"आठ महिने झाले."

"फ्रेम शोभते. डावीकडे बघा, सायकलवाला आहे."

दुसऱ्या दिवशी तर कमाल झाली. तिसरा गिअर टाकला तसे मास्तर म्हणाले, "डावा खांदा दुखतो?"

"कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? गिअर टाकताना श्वास धरताय तुम्ही. गाडी बाजूला घ्या." त्यांनी सीट दोन खाचा पुढे सरकवली, पाठ टेकवून बसायला लावलं, हात पुन्हा गिअरवर ठेवायला सांगितला. कळ निम्म्यावर आली. पाच महिने कपड्यांचे गठ्ठे उचलून दुखणारा खांदा, आणि या माणसाला तो पाच मिनिटांत दिसला! त्याच संध्याकाळी मास्तरीणबाई मुद्दाम सोफ्यावर नवऱ्यासमोर बसून खांद्याला मलम चोळत होत्या. मास्तरांनी फोनवरून नजर न काढता हवा हुंगली.

"वास कसला येतोय गं? गॅस बघ."

एकाच माणसाचे दोन नवरे झाले होते. साडेसातचा एक आणि बाकी दिवसाचा एक. मास्तरीणबाई साडेसातच्या नवऱ्याच्या प्रेमात पडल्या. यात लाजण्यासारखं काही नव्हतं, तरी त्या लाजत होत्या. लॉन्ड्रीत जाताना घालायची चांगली ओढणी त्या साडेसातला घालायला लागल्या.

"सरळ रस्त्यावर बोलत चालवायला शिकलं पाहिजे," मास्तर म्हणाले, "तोंड चालू आणि नजर रस्त्यावर. काहीतरी सांगा." मग काय, मास्तरीणबाईंनी लॉन्ड्रीचा दरवाजाच उघडला. एका करड्या कोटाच्या खिशात दर आठवड्याला एक लिंबाची गोळी सापडते, कोटवाला ती विसरतो की कोणासाठी ठेवतो कोण जाणे. दुसऱ्या दिवशी गाडी चौकातून सुखरूप बाहेर पडल्या पडल्या मास्तर म्हणाले, "मग? त्या कोटवाल्याचं काय झालं?"

मास्तरीणबाईंचा क्लचवरचा पाय सुटला आणि गाडीने जागच्या जागी उडी मारली. "मग काय झालं" हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षांत कोणी विचारला नव्हता. मास्तरांना वाटलं, बाई घाबरल्या. ते म्हणाले, "होतं असं. न्यूट्रल करा, परत सुरू करा."

आता अडचण अशी झाली की त्यांना गाडी यायला लागली. खिसे तपासणारी बोटं, घाईत नजर न हलवणारी सवय; अकराव्या दिवशी त्यांनी उलटी गाडी खांबांच्या मधल्या चौकटीत एका दमात अशी बसवली की जणू उशीला अभ्रा घातला. मास्तर खूश झाले. "परवा परीक्षा देऊन टाका," म्हणाले. "आमच्याकडे सगळे पहिल्याच फटक्यात पास होतात."

हे खरं होतं. स्कूलच्या दारावर पाटीच होती, "निकाल शंभर टक्के". मास्तरांच्या अंगावर शर्ट असेल नसेल, ही पाटी मात्र कायम असायची.

मास्तरीणबाईंनी मनात हिशोब केला. पास झालं की संपलं. साडेसातची वेळ दुसऱ्या कोणाला मिळणार, आणि त्या परत संध्याकाळच्या नवऱ्यापुढे भाजी चिरत बसणार. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. परीक्षेच्या मैदानावर त्यांनी गाडी उलटी घेतली, सगळं बेतशीर होतं, आणि अगदी शेवटी डाव्या कोपऱ्यातला खांब पडला.

"अरेरे," मास्तरीणबाई म्हणाल्या.

परीक्षा घेणारे साहेब हडकुळे, गळ्यात दोऱ्याने पेन अडकवलेले. ते कधी हसल्याचं कोणी बघितलं नव्हतं. त्यांनी कागदावर काट मारली आणि पुढच्याला हाक मारली. पंधरा दिवसांनी दुसरी परीक्षा. या वेळी चढावर थांबवलेली गाडी हातभर मागे घसरली. काट.

मधले महिनाभर साडेसात वाजत राहिले आणि मास्तरीणबाई सुखात होत्या. गाडीत मास्तर त्यांच्या चुका समजावून सांगायचे, कधी नव्हे इतक्या मायेने. घरी मात्र येरे माझ्या मागल्या. एका संध्याकाळी दोघं सोफ्याच्या दोन टोकांना बसलेली असताना मास्तरीणबाईंचा फोन वाजला. त्यांनी घाईने उघडला, मुलीचा निरोप असेल म्हणून. नवऱ्याने व्हिडिओ पाठवला होता, "गाडी मागे घेताना होणाऱ्या सात चुका". दोघांच्या मध्ये एक उशी होती फक्त. मास्तरीणबाईंनी ती उचलून नवऱ्याला मारली.

"हं," मास्तर म्हणाले. "बघितलास का?"

पण सुखाला दृष्ट लागली ती पाटीच्या रूपाने. मास्तरांची बायकोच दोनदा नापास, ही बातमी वाऱ्यासारखी पसरली. दिव्याखाली अंधार, असं लोक तोंडावर म्हणायला लागले. दोन विद्यार्थी नाव काढून पलीकडच्या स्कूलला गेले. शेवटी स्कूलच्या मालकांनी पेंटर बोलावला. एका सकाळी मास्तरीणबाई पोचल्या तेव्हा पाटीवर "शंभर"च्या आधी बारीक अक्षरांत एक शब्द कोंबला होता. "निकाल जवळजवळ शंभर टक्के".

मास्तर त्या पाटीखालून मान खाली घालून गेले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "आरसा बघा, बाई."

मास्तरीणबाईंना आपली इतकी लाज कधी वाटली नव्हती. आपण दिसावं म्हणून आपणच या माणसाची बावीस वर्षांची अब्रू चव्हाट्यावर मांडली. त्याने कोणाला उलट उत्तर दिलं नाही, आपल्याला एक टोमणा मारला नाही. बास झालं, त्यांनी ठरवलं. गुरुवारी तिसरी परीक्षा होती. गुरुवारी पास व्हायचं, मग संध्याकाळी भिंतीशी बोलावं लागलं तरी चालेल.

गुरुवारी त्यांनी गाडी चालवली ती बघायला बाकीचे उमेदवार कुंपणाशी गोळा झाले. आठाचा आकडा, चढ, चौकट, सगळं लोण्यातून सुरी फिरावी तसं. खांबांना वाराही लागला नाही. त्यांनी इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले. मनात मात्र रडू दाटलं होतं, कारण साडेसातच्या नवऱ्याला त्यांनी नुकतंच स्वतःच्या हाताने निरोप दिला होता.

साहेब कागदावर काहीच लिहीनात. त्यांनी पेन दोन बोटांत फिरवलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "बाई, एक विचारतो, राग मानू नका. तुमचं आणि मास्तरांचं घरात काही बिनसलंय का?"

"नाही. का?"

"इतकी वर्षं मी हे काम करतोय. पास करा म्हणून लोक गयावया करतात, पाया पडतात, एकजण तर झाडावर चढून बसला होता. पण आज सकाळी मास्तर माझ्याकडे आले आणि म्हणाले, साहेब, आमच्या मंडळींना आजच्या दिवस नापास करता आलं तर बघा. मी म्हटलं, मास्तर, तब्येत बरी आहे ना?" साहेबांनी कागदावर शिक्का उमटवला. "तुम्ही पास आहात. नवराबायकोच्या भानगडीसाठी माझ्याकडे रकाना नाही."

मास्तरीणबाई गाडीतून उतरल्या त्या तरातरा निघाल्या. मास्तर कुंपणाच्या टोकाला, तारेला टेकून उभे होते.

"अहो, मला नापास करा म्हणून सांगितलंत तुम्ही? सख्ख्या बायकोला?"

"बायकोत सख्खी-सावत्र असं असतं का?"

"विषय बदलू नका! तुमच्या पाटीवर माझ्यापायी जवळजवळ आलं. ते पुसलं जावं म्हणून मी आज जीव ओतून चालवली, आणि तुम्ही..."

"बारीक अक्षरांत आहे ते," मास्तर म्हणाले. "लांबून दिसत नाही."

मग मास्तर नखाने तार खरवडत म्हणाले, "दोन्ही वेळा तू मुद्दाम नापास झालीस."

"कधी कळलं?"

"पहिल्याच वेळी. खांब पाडायच्या आधी तू खांबाकडे बघितलंस. चुकणारा माणूस खांब बघत नाही, म्हणून तर तो पडतो. तू नीट बघितलास, अंदाज घेतलास आणि मग पाडलास. इतका बेतशीर पडलेला खांब मी बावीस वर्षांत पाहिला नव्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर पुढच्या वेळी तू पास झाली असतीस."

कुंपणापलीकडे कोणाची तरी गाडी बंद पडली आणि साहेब ओरडले. मास्तर तारेकडे बघतच बोलत होते. "मग उद्यापासून साडेसातला कोण येणार? तो बँकेचा मॅनेजर परत नाव घालतोय म्हणे. त्याच्या खिशातून काय निघणार आहे, कपाळ?"

"म्हणजे तुम्हालाही..."

"हो. मलाही." मास्तरांचे कान लाल झाले. "गाडीत मला भीती असते गं. डोळा हलला तर कोणाचा तरी जीव जाईल. घरी कशाची भीती नाही, म्हणून डोळे मोकाट सुटतात. काय बघतो ते मलाच कळत नाही. काल पाऊण तास एक माणूस गालिचा धूत होता. आपल्या घरात गालिचासुद्धा नाही."

"घरी मी होते ना, अहो," मास्तरीणबाई म्हणाल्या. "मी होते ना घरी."

मास्तरांनी तार सोडली. त्यांनी बायकोकडे बघितलं, पहिल्यांदाच पायाखाली ब्रेक नसताना. मग म्हणाले, "मला शिकवशील का?"

अशा रीतीने मास्तरीणबाई खरोखर मास्तरीण झाल्या. वर्ग स्वयंपाकघरातल्या टेबलावर, रोज संध्याकाळी, चहाच्या वेळी, अर्धा तास. फोन शेजारच्या खोलीतल्या कपाटात, स्वेटरांच्या खाली. नियम सोपा. त्यांनी दिवसभराचं सांगायचं, मास्तरांनी ऐकायचं, आणि शेवटी काय ऐकलं ते परत सांगायचं.

पहिल्या दिवशी चौथ्याच मिनिटाला मास्तरांचा हात रिकाम्या खिशात गेला आणि तिथेच अडकून राहिला. नापास. दुसऱ्या दिवशी ते बायकोच्या डोक्यावरच्या घड्याळाकडे इतक्या प्रेमाने बघत होते की मास्तरीणबाईंनी घड्याळ उतरवलं. नापास. तिसऱ्या दिवशी स्वेटरांखालून फोन वाजला, तेव्हा मास्तर उठले नाहीत, पण टेबलाखाली त्यांचा पाय जमिनीत रुतेल इतका दाबला गेला, ब्रेक दाबावा तसा. त्याबद्दल कौतुक झालं. निकाल नापास. एकाच पँटवर हक्क सांगणाऱ्या दोन भावांच्या गोष्टीत ते सलग दोन दिवस दुसऱ्या भावापाशीच बुडाले. पालथ्या घड्यावर पाणी, मास्तरीणबाई म्हणाल्या, पण चहा दोन कपच ठेवत राहिल्या.

नवव्या दिवशी मास्तरांनी चहा बाजूला सारला आणि सगळं सांगितलं. पँटचा निकाल कसा लागला, आज किती शर्ट आले, कोणत्या बाई पावती हरवून आल्या, त्यांच्या बरोबरची लहान मुलगी काउंटरखाली शिरून काय म्हणाली. शब्द न् शब्द बरोबर. मग ते थांबले आणि म्हणाले, "आणि एक गोष्ट तू सांगितलीच नाहीस. आज तुला तिथे कोणीतरी टाकून बोललंय. शर्टांचं सांगताना तू मिठाची बरणी दोनदा सरळ केलीस. ती आधीच सरळ होती."

मास्तरीणबाई बरणीकडे बघत राहिल्या. बोललं होतं खरं. एका हरवलेल्या बटणावरून, चार गिऱ्हाइकांसमोर. ते गिळून टाकायचं त्यांनी वाटेतच ठरवलं होतं. त्यांनी डोळे पुसले, समोरचा तो टक लावून बसलेला माणूस नीट बघून घेतला, आणि करड्या आवाजात निकाल सांगितला.

"नापास."

"कुठे चुकलो?" असं विचारायला मास्तरांनी तोंड उघडलं. पण सवयीने त्यांनी आधी बायकोचे डोळे बघितले, आणि प्रश्न परत गिळला.

"बरं," ते म्हणाले. "मग उद्या परत बसतो."